दोनदां आलेला एक तास

मुळा नदीवरचा पूल ओलांडून हमरस्त्यानें मुंबईच्या दिशेस निघालें म्हणजे वाकड हें गांव लागतें. गांव म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें. जेथें एके काळीं शेतें होतीं तेथें आज वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि रात्रीं त्यांच्या खिडक्यांतून दिसणारे दिवे एकाद्या तालुक्याच्या ठिकाणालाही मागें टाकतील इतके आहेत. म्हातोबाचें देऊळ मात्र जागचें हललेलें नाहीं. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडास म्हातोबाचें बगाड येतें, त्या दिवशीं एरवीं मोटारींनीं तुंबलेला रस्ता पोलिसांना वळवावा लागतो, आणि पाठीवर संगणकाची पिशवी अडकविलेले तरुण बगाडाला वाट देऊन कडेला उभे राहतात. त्यांतले कांहीं हात जोडतात, कांहीं छायाचित्र घेतात, आणि बरेचसे दोन्ही करतात.

ह्या वस्तींत ज्या वर्गाची बहुसंख्या आहे त्याला इंग्रजींत ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ म्हणतात, आणि मराठींतही तेंच म्हणतात. संगणकाला करावयाच्या आज्ञांच्या समूहास ‘आज्ञावली’ असा एक चांगला शब्द आपल्याकडे घडविला गेला. पण तो पुस्तकांच्या बाहेर फारसा पडला नाहीं, आणि ‘आज्ञावलीकार’ म्हणून कोणीं कोणाला हांक मारल्याचें ऐकिवांत नाहीं. धंदा मात्र वाटतो तितका नवा नव्हे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत १९५५ सालीं संगणक आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० सालीं चालूं झाला. त्या यंत्रांना आज्ञा लिहून देणारीं माणसें तेव्हां बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. पुढें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाचें उद्यान वसविलें, आणि त्या उद्यानांत रोज जाणाऱ्या माणसांच्या निवाऱ्यासाठीं वाकड, थेरगांव, पिंपळे सौदागर हीं गांवें पाहतां पाहतां उपनगरें होऊन बसलीं.

अशाच एका इमारतींत अकराव्या मजल्यावर राहणारा एक गृहस्थ. वय चाळिशीला टेकलेलें, मूळ गांव सातारा जिल्ह्यांतलें. पत्नी चिंचवडास एका बँकेंत नोकरीला. मुलगी सहा वर्षांची. घराचे हप्ते वीस वर्षांचे. त्यांपैकीं आठ वर्षांचे फिटलेले. तीन वर्षांपूर्वीं आई गेली, तेव्हां वडिलांना गांवाहून येथें आणलें. वडिलांना घरांत सारीं ‘अण्णा’ म्हणतात. अण्णांची सारी हयात एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेबखात्यांत गेली. काटापावती, रोजकीर्द, खतावणी हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती.

अण्णा आले तेव्हां मुलाचें काम म्हणजे काय हें समजून घेण्याची त्यांना फार उत्सुकता होती. ती वर्षभरांत मावळली. त्यांना दिसे तें असें: आठवड्यांतून तीन दिवस मुलगा कचेरींत जातो, अंतर सात-आठ किलोमीटरांचें, पण सायंकाळीं परत यावयास तास मोडतो. उरलेले दोन दिवस तो घरींच शयनगृहाच्या कोपऱ्यांत मेज मांडून बसतो. २०२० सालच्या टाळेबंदींत सारी कचेरीच घरांत शिरली, ती पुरती कधीं बाहेर गेलीच नाहीं. सकाळीं साडेदहाला एक बैठक होते, तिला ‘उभी बैठक’ म्हणतात. काल काय केलें, आज काय करणार आणि अडचण कोठें आहे हें प्रत्येकानें उभ्याउभ्याच सांगावयाचें, म्हणजे कोणी पाल्हाळ लावणार नाहीं, असा मूळ हेतु. हल्लीं सर्वजण बसूनच उभे राहतात, आणि पाल्हाळही लागतें. त्यानंतर मुलगा पडद्याकडे पाहत बसतो. तास तास पाहतो. मग दोन ओळी लिहितो, आणि पुष्कळदां त्याही खोडतो.

“तूं दिवसाला लिहितोस तरी किती?” असें अण्णांनीं एकदां विचारलें होतें.

“कांहीं दिवस लिहितों त्याहून अधिक पुसतों, अण्णा,” असें उत्तर मिळालें, आणि अण्णांनीं पुढें विचारलें नाहीं.

वस्तुतः उत्तर खरें होतें. ह्या धंद्यांतील माणसाचा बराचसा वेळ लिहिण्यांत जात नाहीं, वाचण्यांत जातो. दुसऱ्यानें, तेंही चार-सहा वर्षांपूर्वीं, घाईनें लिहिलेलें वाचावयाचें, त्याच्या मनांत काय असेल तें ताडावयाचें, आणि दहा हजार ओळींतील एक ओळ अशी बदलावयाची कीं बाकीच्या जागच्या हलूं नयेत. बदललेली ओळ एका सहकाऱ्यानें तपासून संमति दिल्यावांचून पुढें जात नाहीं. शिवाय कोणती ओळ कोणीं, कोणत्या दिवशीं, कितव्या मिनिटाला लिहिली ह्याची नोंद कायमची राहते. ती ठेवणारें ‘गिट’ नांवाचें साधन लिनस टोरव्हाल्ड्स ह्या फिनलंडच्या संगणकतज्ज्ञानें २००५ सालीं केलें. ओळीचा कर्ता शोधून काढण्याची जी आज्ञा त्यांत आहे तिचें नांवच मुळीं ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणें, असें आहे. नांव ठेवणारानें थट्टेनें ठेवलें असेल. पण कचेरीच्या रीतिभाती ज्याला ठाऊक आहेत त्याला त्यांत थट्टा थोडी आणि अनुभव फार दिसेल.

आतां घड्याळांविषयीं थोडें. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळें एक तास पुढें करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं पुन्हां मागें घेतात. आपल्याकडे हें नवल वाटतें. पण दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानांतलीं घड्याळेंही अशींच तासभर पुढें होतीं, आणि मुंबई शहर तर १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असलेली आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ अभिमानानें पाळीत होतें. वाकडच्या घरांना अमेरिकेच्या घड्याळाची झळ लागते ती सायंकाळीं. उन्हाळ्यांत सातला असणारी तिकडच्या लोकांबरोबरची बैठक हिंवाळ्यांत आठला जाते, आणि त्याबरोबर सबंध घराचें जेवण तासभर सरकतें. मुलीला तर नोव्हेंबर म्हणजे बाबांशिवाय जेवण्याचा महिना, असेंच वाटत आलें आहे.

ह्या गृहस्थाकडे जें काम होतें तें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका विमा कंपनीचें. तिच्या ग्राहकांचे मासिक हप्ते त्यांच्या कार्डांवरून वसूल करावयाचे, तें आज्ञावलीनें ठरल्या तारखांना रात्रीं आपोआप करावें, असा तो व्यवहार. वसुलीची वेळ पूर्वीं तिकडची रात्रींची साडेतीन होती. २०२५ च्या उन्हाळ्यांत ती बदलून दीड करावी असें कंपनीकडून सांगण्यांत आलें. बदल क्षुल्लक; एका आंकड्याचा. नव्यानें लागलेल्या एका मुलानें तो केला, आणि ह्या गृहस्थानें तो तपासून संमति दिली.

घड्याळ मागें घेतात तें रात्रीं दोन वाजतां. दोन वाजावयाचे त्याऐवजीं पुन्हां एक वाजतो. म्हणजे त्या रात्रीं दीड दोनदां वाजतो.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. तिकडचा पहिला दीड आपल्याकडे सकाळीं अकराला वाजला आणि दुसरा बारा वाजतां. कार्तिकी एकादशीचा दिवस असल्यानें घरांत वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी शिजत होती. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तुळशीचें लग्न करावयाचें ठरलें होतें, आणि त्याच्या मांडवासाठीं ऊस आणावयास बाबांनीं आपल्याला बरोबर न्यावयाचें हा करार मुलीनें आठवड्यापूर्वींच करून घेतला होता. ती चपला घालून दाराशीं उभी होती. त्या आठवड्याची राखणीची पाळी नेमकी ह्याच गृहस्थाची होती. ह्या धंद्यांत रात्रींबेरात्रीं यंत्र बिघडलें तर कोणाला उठवावें ह्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. बारा वाजून दहा मिनिटांनीं त्याचा फोन वाजूं लागला, आणि तो वाजण्याची तऱ्हा ऐकूनच मुलीनें चपला काढल्या. ती रडली नाहीं. पत्नीनें गॅस बारीक केला आणि ऊस आणावयास आपण जाऊं असें तिला सांगितलें. पण ती, बाबांचें होईपर्यंत थांबतें, म्हणाली.

त्या दिवशीं ज्यांचा हप्ता होता त्या हजारों माणसांकडून तो दोनदां घेतला गेला होता. एकच गोष्ट बरी होती: कार्डांवरच्या ह्या नोंदींचा गठ्ठा बँकेकडे जावयाचा तो तिकडच्या पहांटे पांचला, म्हणजे आपल्या साडेतीनला. तोंपर्यंत जादा नोंदी रद्द केल्या तर कोणाच्या खात्यांतून पैसा जाणार नव्हता. नंतर मात्र प्रत्येकाला परत करावयाचा, आणि मधल्या दिवसांत कोणाची घरभाड्याची रक्कम अडली, कोणाचें औषध राहिलें, त्याला भरपाई नाहीं.

त्यानें त्या नव्या मुलाला बोलावून घेतलें. तो सुटी घेऊन जळगांवाकडे आपल्या घरीं गेला होता. पडद्यावर त्याचा चेहरा उमटला तो पांढराफटक. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागलेला, त्यांतला सहावा महिना पुढें उभा. ह्या धंद्यांतील मोठमोठ्या कंपन्यांनीं माणसें कमी केल्याच्या बातम्या त्या वर्षभर वर्तमानपत्रांत येत होत्या, आणि साध्या आज्ञा तर आतां यंत्रेंच लिहूं लागलीं आहेत, मग शिकाऊ मुलांना कोण ठेवील, अशी चर्चा प्रत्येक उपाहारगृहांत चालली होती. “सर, वेळ मीं बदलली,” एवढेंच तो पुनःपुन्हां म्हणत होता.

दुसऱ्या तासाच्या सगळ्या नोंदी पुसून टाकाव्या असें प्रथम कोणालाही सुचेल. तसें करतां येत नव्हतें. पहिल्या वेळीं कांहीं ग्राहकांचें कार्ड नाकारलें गेलें होतें आणि दुसऱ्या वेळीं तेंच स्वीकारलें गेलें. त्यांची दुसरी नोंद हीच खरी नोंद. ती पुसली तर त्यांचा हप्ता चुकला असें ठरून विमाच अडचणींत यावयाचा. तेव्हां जोड्या लावून प्रत्येक जोडी तपासणें भाग होतें. दोघांनीं तशी एक लहानशी आज्ञावली लिहिली, चालविली, आणि बेरीज घेतली. बेरीज जमेना. सतरांचा फरक येई. पुन्हां चालविली, पुन्हां सतरा. दोन वाजून गेले होते.

अण्णा उपवासाची पानें मांडलीं आहेत म्हणून सांगावयास आले होते, ते दाराशींच थांबले. यंत्रांतलें त्यांना कांहीं कळत नव्हतें. पण ‘तेच पैसे दोनदां’ आणि ‘बेरीज जमत नाहीं’ हीं वाक्यें त्यांनीं आयुष्यभर ऐकलीं होतीं.

“काय रे, एकाच गाडीची काटापावती दोनदां खतावली का?”

मुलानें मान वर केली. घाईंत होता तरी त्याच्या तोंडून ‘हो’ निघून गेलें, कारण प्रश्न अगदीं बरोबर होता.

अण्णांनीं खुर्ची ओढून घेतली. कारखान्यांत एका हंगामांत रात्रीं वीज गेली होती. दिवे आल्यावर काट्यावरच्या कारकुनानें आधींच्या गाड्यांच्या पावत्या पुन्हां फाडल्या, आणि चाळीस गाड्यांचा ऊस दोनदां जमा झाला. ती गोष्ट त्यांनीं पुष्कळदां सांगितली होती आणि घरांत ती कोणीं धड ऐकली नव्हती. आतां त्यांनीं गोष्ट सांगितली नाहीं. “जोड्या कशावरून लावल्यात?” एवढेंच विचारलें.

“कार्डाच्या नंबरावरून.”

“म्हणजे शेतकऱ्याच्या नांवावरून. एका शेतकऱ्याच्या दोन गाड्या नसतात का?”

जळगांवचा मुलगा पलीकडून हें ऐकत होता. तो आधीं उमगला. ज्यांनीं घराचा आणि मोटारीचा असे दोन विमे एकाच कार्डावर घेतले होते, त्यांचा दुसरा न्याय्य हप्ताही जोडींत ओढला जाऊन जादा ठरत होता. जोड्या विम्याच्या क्रमांकावरून लावावयास हव्या होत्या. ओळ बदलली. अण्णांनीं कागद मागून घेतला आणि पेन्सिलीनें तीन रकाने पाडले: दोन्ही वेळां वसूल, पहिल्यांदा नाहीं पण दुसऱ्यांदा वसूल, दोन्ही वेळां नाहीं. पहिल्यांदा वसूल आणि दुसऱ्यांदा नाकारलेले असेही कोणी असतील ना, असें त्यांनींच विचारलें, आणि चौथा रकाना पाडला. यंत्रानें चारही आंकडे दिले. तेरीज अण्णांनीं हातानें केली. यंत्राची बेरीज पडद्यावर होतीच, तरी कोणीं त्यांना अडविलें नाहीं. ग्राहकांच्या एकूण संख्येशीं ताळा जमला. तीन वाजून पांच मिनिटांनीं जादा नोंदी रद्द झाल्याची पोंच आली.

वऱ्याचे तांदूळ निवून गोळा झाले होते. ते तसेच खाल्ले.

पण दिवस तेथें संपला नाहीं. जेवणानंतर, पुन्हां असें होऊं नये म्हणून काय करावें हें पाहण्यासाठीं तो मूळ आज्ञावलींत शिरला. उपाय सरळ होता, आणि तो साखर कारखान्यांत कधींच रूढ झालेला होता: प्रत्येक वसुलीला एक क्रमांक द्यावयाचा, आणि तो एकदां वहींत चढला कीं पुन्हां आल्यास नाकारावयाचा. हें मुळांतच कां नव्हतें? त्यानें ती जागा शोधली. तेथें एक ओळीची टीप होती: तोच हप्ता दोनदां आला तर काय, हें नंतर पाहावयाचें आहे. अशा टीपा ह्या धंद्यांत प्रत्येक घरीं आहेत, जशा माळ्यावरच्या पेट्या. त्यानें ‘ब्लेम’ची आज्ञा दिली. टीप त्याची स्वतःची होती. सन २०१९, वेळ रात्रीं एक वाजून चाळीस मिनिटें. तारीख पाहून त्यानें पत्नीला हांक मारली. मुलगी जन्मली त्याच आठवड्यांतली होती. त्या रात्रीं तो इस्पितळाच्या व्हरांड्यांतल्या बांकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, हें पत्नीला आठवत होतें. त्याला आठवत नव्हतें.

सायंकाळीं सातला तिकडची सकाळ झाली आणि बैठक भरली. वरिष्ठांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: वेळ कोणीं बदलली? एका वाक्याचें उत्तर पुरलें असतें, आणि तें खरेंही ठरलें असतें. पडद्याच्या एका चौकोनांत जळगांवचा मुलगा बोलावयास तोंड उघडीत होता. ह्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढें घराचे राहिलेले बारा वर्षांचे हप्ते नव्हते असें म्हणतां येणार नाहीं. पत्नी दाराशीं उभी होती आणि तिच्याही डोळ्यांपुढें तेच होते. तो म्हणाला, वेळ बदलण्यास संमति माझी, आणि दोनदां आलेला हप्ता रोखण्याची तजवीज २०१९ सालीं करावयाची होती ती मीं केली नाहीं. टीप माझ्या नांवावर आहे, पाहून घ्यावी. वेळ बदलणाऱ्या मुलानें सांगितलें तेंच केलें आणि दुपारीं खरी चूक पहिल्यानें त्यानेंच ओळखली.

कांहीं वेळ कोणीं बोललें नाहीं. मग वरिष्ठांनीं ‘सविस्तर लिहून पाठवा’ म्हणून बैठक आटोपली. अशा प्रसंगाचा वृत्तांत कोणाचें नांव न घेतां लिहावा अशी ह्या धंद्यांत एक चांगली रीत पडूं लागली आहे. वृत्तांत तसाच लिहिला गेला. नांवें ज्यांना ठाऊक व्हावयाचीं होतीं त्यांना झालींच होतीं. डिसेंबरांत तो मुलगा कायम झाला. ह्या गृहस्थाची बढती त्या वर्षीं झाली नाहीं. कारण सांगण्यांत आलें नाहीं, आणि त्यानें विचारलेंही नाहीं. त्याच्या पत्नीच्या मतें त्यानें विचारावयास हवें होतें, आणि तिचें म्हणणें चूक होतें असें वाटत नाहीं.

त्या रविवारीं रात्रीं साडेआठला तो मुलीला घेऊन खालीं उतरला. चौकांतल्या गाडीवर पांच ऊस उरले होते, शेंडे थोडे सुकलेले. ते पांचही घेतले. उद्वाहनांत ते मावेनात, तेव्हां तिरपे धरून, शेंड्यांकडची बाजू मुलीच्या हातीं देऊन कसेबसे वर आणले. घरीं अण्णा भिंतीपाशीं उभे होते. दिवाळींत आलेली नव्या वर्षाची दिनदर्शिका अजून सुरळींतच होती. ती त्यांनीं उलगडून मेजावर पसरली होती आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या.

“मार्चमध्यें तें घड्याळ पुढें कधीं करतात म्हणालास?”

“दुसऱ्या रविवारीं. आठ तारखेला. दोनचे एकदम तीन वाजतात.”

“म्हणजे मधला तास येतच नाहीं. त्या तासांत ज्याची वेळ असेल त्याचें काय?”

मुलानें ऊस कोपऱ्यांत टेकवून ठेवला. त्याची पाळी मार्चमध्यें असेल कीं नाहीं हें त्याला ठाऊक नव्हतें. अण्णांनीं पेन्सिलीला टोंक केलें आणि ८ मार्चच्या चौकोनांत, एकादशी-चतुर्थीच्या बारीक अक्षरांना धक्का न लागेल अशा बेतानें लिहिलें: ‘एक तास गहाळ. पावत्या तपासणें.’